उगारलेला हात आणि उच्चारलेला शब्द : पुण्ण थेरांपासून महाडपर्यंत

सकाळी विहारात ‘पाणातिपाता वेरमणी’ हे शिक्षापद ग्रहण करावयाचे आणि सायंकाळी त्याच मुलाला वा मुलीला कराटेच्या वर्गास धाडावयाचे, या दोहोंचा मेळ बसतो काय? चारकोप, गोराई, कांदिवली या भागांतील उपासक-उपासिकांकडून हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. कचेरीत, महाविद्यालयात अथवा शेजारात कुणी जातीवरून टोमणा मारला, तर मुकाट्याने ऐकून घेणे यालाच धम्म म्हणावयाचे काय?

वरवर पाहता पहिला प्रश्न हाताविषयी आहे, दुसरा जिभेविषयी. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. आघात आणि अपमान समोर आला असता बौद्ध माणसाने आपली काया, वाचा आणि मन कसे राखावे, हे ते मूळ होय. चारकोप ही १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने म्हाडाने आखलेली वसाहत आहे. लहान भूखंड, भिंतीला लागून भिंत आणि मध्ये सर्वांचे सामाईक अंगण अशी तिची रचना. अशा ठिकाणी पाण्यावरून, गाडी लावण्यावरून, ध्वनिक्षेपकावरून शब्दाला शब्द लागावयास वेळ लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न ग्रंथात न राहता दाराशी येऊन उभा राहतो. प्रस्तुत लेखात पालि वाङ्मय आणि बाबासाहेबांचे चरित्र यांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

बोधिधर्माची आख्यायिका आणि इतिहास

कराटे किंवा कुंग-फू यांचा बौद्ध धम्माशी संबंध सांगताना बहुधा बोधिधर्माचे नाव पुढे केले जाते. दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेल्या या आचार्यांनी शाओलिन विहारातील भिक्षूंना युद्धविद्या शिकविली, अशी ती आख्यायिका आहे. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. शाओलिन विहार इ. स. ४९५ च्या सुमारास उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने एका भारतीय भिक्षूसाठी बांधविला. चिनी नोंदींत त्याचे नाव बातुओ असे येते. बोधिधर्म असे नव्हे. या विहारातील भिक्षूंनी ६२१ मध्ये थांग राजपुत्राला लढाईत साहाय्य केल्याची हकीकत विहारातील ७२८ च्या शिलालेखावरून कळते. बोधिधर्माच्या नावावर चालणारा व्यायामग्रंथ मात्र १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे त्यांच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी रचलेला आहे, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. आख्यायिका गोड असली तरी तिच्या आधारावर आपले समर्थन उभे करू नये.

कराटे ही तर ओकिनावा बेटांची विद्या. गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये तोक्योत तिची ओळख करून दिली. तिच्या नावातील ‘चिनी हात’ या अर्थाचे अक्षर बाजूला सारून ‘रिकामा हात’ या अर्थाचे अक्षर रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ‘शून्य’ या बौद्ध संज्ञेसाठी चिनी भाषांतरकारांनी योजिलेले अक्षर तेच. पहिला प्रहार आपल्या हातून होता कामा नये, हे त्यांच्या शिकवणीतील एक प्रमुख तत्त्व होते.

येथवर सर्व ठीक वाटते. परंतु त्याच जपानात १९३० व १९४० च्या दशकांत झेन साधनेतील एकाग्रता सैनिकांना निःशंकपणे मारण्यास आणि मरण्यास तयार करण्यासाठी वापरली गेली, आणि काही झेन आचार्यांनी तिचे समर्थनही केले. चित्त स्थिर झाले म्हणजे ते कुशल झाले, असे समजणे किती घातक आहे ते यावरून दिसते. संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या एका ग्रामप्रमुखाची भेट वर्णिली आहे. रणात झुंजताना मेलेला योद्धा देवलोकात जातो, असे त्याच्या परंपरेतील आचार्य सांगत आले होते. याविषयी आपले मत काय, असे त्याने भगवंतांना विचारले. भगवंतांनी त्याला पुनःपुन्हा हा प्रश्न न विचारण्यास सांगितले. त्याने आग्रह सोडला नाही तेव्हा ते म्हणाले की, समोरचे प्राणी मारले जावोत, नष्ट होवोत, अशा हेतूने झुंजणाऱ्याचे चित्त आधीच हीन झालेले असते. त्याला सुगती कोठून मिळणार? हे ऐकून तो रडू लागला. आजवर गुरूंनी आपली फसवणूक केली याचे त्याला दुःख झाले होते. शीलावाचूनची एकाग्रता ही पाजळलेल्या सुरीसारखी आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याचे काम करते.

विनयपिटक काय सांगते?

मग हात उगारणेच निषिद्ध मानावयाचे काय? भिक्षूंसाठी घालून दिलेले नियम येथे उद्‌बोधक आहेत. पाचित्तिय प्रकरणातील ७४ व्या नियमानुसार रागावून दुसऱ्या भिक्षूवर प्रहार करणे हा दोष आहे. ७५ व्या नियमानुसार रागाने नुसता हात उगारणे हासुद्धा दोष आहे. प्रत्यक्ष फटका बसो वा न बसो, उगारलेल्या हातामागचे चित्त दोघांत सारखेच असते, हे विनयकारांनी अचूक ओळखले.

परंतु त्याच नियमाखाली दोष केव्हा लागत नाही तेही सांगितले आहे. कुणी पीडा देत असता, त्यातून सुटका करून घेण्याच्या हेतूने भिक्षूने प्रहार केला तर त्यास आपत्ती नाही. तेथील संज्ञा ‘मोक्खाधिप्पायो’ अशी आहे. ‘मोक्ख’ म्हणजे येथे निर्वाण नव्हे. अंगावर आलेल्याच्या तावडीतून सुटणे एवढाच त्याचा अर्थ. ज्या भिक्षूकडून गृहस्थापेक्षा कितीतरी अधिक संयमाची अपेक्षा आहे, त्यालाही विनय एवढी मोकळीक देतो. मग रात्री स्थानकावरून घरी परतणाऱ्या आपल्या मुलीने स्वतःची सुटका करून घेण्याची विद्या शिकावी, यात शिक्षापदाचा भंग कोठे होतो?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम असा भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी केलेला फरकही येथे ध्यानात घ्यावा. विनयातील ‘मोक्खाधिप्पायो’ आणि बाबासाहेबांचा हा भेद यांचा रोख एकाच दिशेने आहे. दोन्हीकडे निवाडा हेतूवरून होतो.

सुनापरान्ताचे पुण्ण थेर

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. मज्झिम निकायातील १४५ वे सुत्त ‘पुण्णोवाद’ या नावाने ओळखले जाते. पुण्ण थेर सुनापरान्त देशी जावयास निघाले. अट्ठकथा त्यांचे मूळ गाव सुप्पारक हे बंदर असल्याचे सांगते, आणि संस्कृत दिव्यावदानातील पूर्णाची कथाही शूर्पारकाशीच जोडलेली आहे. सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. बोरिवलीहून गाडीत बसले की दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड यांच्यानंतर येते ते. तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी, तर नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये त्या परिसरात सापडला.

भगवंतांनी पुण्णांना विचारले, ‘‘तेथील लोक उग्र आहेत, कठोर आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर?’’ पुण्ण उत्तरले की, ते मला हातांनी मारीत नाहीत, तेव्हा भलेच आहेत, असे मी समजेन. हातांनी मारले तर? ढेकळांनी मारीत नाहीत एवढे बरे. याच क्रमाने प्रश्न दंडावरून शस्त्रावर आणि शस्त्रावरून प्राणघातावर गेला. प्रत्येक पायरीवर पुण्णांचे चित्त ढळले नाही. तेव्हा, असा दम आणि उपशम ज्याच्या ठायी आहे तो सुनापरान्तात राहू शकेल, असे म्हणून भगवंतांनी त्यांना अनुज्ञा दिली.

या संवादाचा शेवट पुष्कळदा वाचावयाचा राहून जातो. पुण्ण तेथे मार खात बसले, असे सुत्त सांगत नाही. त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात स्थिर केल्या आणि स्वतः तिन्ही विद्या प्राप्त करून घेतल्या, असे ते सांगते. उग्र म्हणून ख्याती असलेल्या लोकांना त्यांनी शब्दाने जिंकले. पुढे काही शतकांनी कान्हेरीच्या लेण्यांत दाने कोरवून घेणाऱ्यांत सोपाऱ्याचे दाते आढळतात, तेव्हा या किनाऱ्यावर धम्म किती खोल रुजला होता त्याची कल्पना येते.

ही क्षमा की लाचारी?

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती यावीच. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सोसण्यासच शिकविले गेले, त्याला पुण्णांचा आदर्श सांगणे म्हणजे पुन्हा सोसण्यासच सांगणे नव्हे काय? ही शंका बाजूला सारून पुढे जाता येणार नाही.

प्रथम हे पाहावे की, पुण्णांवर सुनापरान्त कुणी लादला नव्हता. ते स्वतःच्या निर्णयाने, एक कार्य घेऊन निघाले होते. लाचार माणूस भीतीने हात आवरतो, आणि ती भीती संपताच द्वेष उसळून येतो. पुण्णांच्या चित्तात भय नव्हते, म्हणून द्वेषही नव्हता. दुसरे असे की, शिवी ऐकून आपण हीन ठरलो असे त्यांना एकदाही वाटले नाही. अपमान करणाऱ्याच्या हाती आपली किंमत ठरविण्याचा अधिकार त्यांनी दिलाच नाही.

आधुनिक काळात याच कसोटीचा प्रसंग महाडला आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये संमत झाला होता. व्यवहारात तो कागदावरच होता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा पसरविण्यात आली आणि मंडपात जेवत असलेल्या व परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. अनेक जण जखमी झाले.

परिषदेस आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले लोक होते. प्रतिकार कसा करावयाचा हे त्यांना कुणी शिकविण्याची गरज नव्हती. बाबासाहेब उतरले होते त्या सरकारी बंगल्यावर संतप्त लोक जमले आणि त्यांनी केवळ आज्ञा मागितली. ती आज्ञा बाबासाहेबांनी दिली नाही. त्यांनी शिस्त राखण्यास सांगितले आणि लोकांनी ती राखली. हल्लेखोरांवर खटले झाले, त्यांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. बरोबर चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. जो प्रहार त्या दिवशी आवरला गेला, त्याचे बळ असे शब्दांत उतरले.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. सत्याग्रहाच्या निर्धाराने लोक आले होते. परंतु विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तापलेल्या सभेला ‘थांबा’ म्हणून सांगणे हे तिला ‘चला’ म्हणून सांगण्यापेक्षा कठीण असते. बाबासाहेबांनी ते सांगितले, कारणे देऊन पटविले, आणि सत्याग्रह तहकूब झाला. तळ्याचा लढा त्यांनी सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

महाडला हक्काची गोष्ट आधी झाली. पाणी प्यालेच गेले. आवरला गेला तो केवळ सूडाचा हात. क्षमा आणि लाचारी यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे. हक्क सोडणारी क्षमा ही क्षमा नव्हे, आणि हक्क घट्ट धरून द्वेष सोडणारा माणूस लाचार नव्हे.

सुभाषित वाचा म्हणजे गुळमुळीत बोलणे नव्हे

हात आवरल्यावर उरतो तो शब्द. अंगुत्तर निकायात सुभाषित वाचेची पाच अंगे सांगितली आहेत. ती योग्य वेळी बोललेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हितकारक असावी आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असावी. ‘मृदू’ या शब्दावरून काहींचा असा समज होतो की, बौद्ध माणसाने कुणाला न आवडणारे बोलूच नये. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्त हा समज दूर करते. अभय राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी त्याला विचारले की, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, ‘‘एका हाताने डोके धरीन, बोट वाकवून तो बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे.’’ मग भगवंतांनी स्पष्ट केले की, जे असत्य किंवा अहितकारक आहे ते तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकारक आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलतात.

ककचूपम सुत्तातील वेदेहिकेची कथा याची दुसरी बाजू दाखविते. श्रावस्तीतील ही गृहिणी शांत, सौम्य म्हणून प्रसिद्ध होती. तिची दासी काली चतुर होती. आपल्या मालकिणीच्या अंतरी राग नाहीच, की आपले काम चोख आहे म्हणून तो बाहेर येत नाही, अशी शंका तिला आली. ती मुद्दाम उशिरा उठू लागली. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला, आणि रक्ताळलेले डोके शेजाऱ्यांना दाखवून कालीने त्या सौम्यतेचे खरे रूप उघड केले. मालकिणीची परीक्षा दासीने घ्यावी, हे पालि वाङ्मयाचे वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मनाविरुद्ध काही घडत नाही तोवर कोणीही सौम्य असतो.

आता व्यवहारातील उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीच्या सभेत कुणी ‘तुम्ही लोक’ असा शब्द वापरला. त्यावर आरडाओरडा केला तर सभेला आरडाओरडा तेवढा आठवतो, मूळ शब्द विसरला जातो. गप्प बसलो तर तो शब्द पुढच्या सभेत पुन्हा येतो. परंतु ‘‘तुम्ही लोक म्हणजे कोण, ते स्पष्ट सांगावे आणि इतिवृत्तात लिहून घ्यावे,’’ असे स्थिर आवाजात म्हटले, तर पाचही अंगे साधतात. वेळ तीच, विधान सत्य, स्वर मृदू, हित सर्वांचे, आणि चित्तात द्वेष नाही. बोलणाऱ्याला आपला शब्द स्वतःच उचलून पाहावा लागतो.

अपमान याहून पुढे गेला तर कायदा आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) कायद्यान्वये लोकांसमक्ष जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. शांत चित्ताने आणि तपशील न वाढविता दिलेली फिर्याद हीसुद्धा सत्य वाचाच होय. तिला सूड समजून संकोच करू नये.

दैनंदिन स्वास्थ्य

या सर्वांचा आपल्या रोजच्या स्वास्थ्याशी काय संबंध? संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात बाणाचा दृष्टान्त आहे. एक बाण लागला की शरीराला वेदना होते. अशिक्षित चित्त त्यावर शोक आणि संताप करून स्वतःला दुसरा बाण मारून घेते. जातीवरून झालेला अपमान हा पहिला बाण आहे. तो मारणाऱ्याची जबाबदारी कधीच कमी होत नाही. परंतु रात्रभर ते शब्द मनात घोळविणे, न दिलेली उत्तरे पुनःपुन्हा जुळविणे, घरी येऊन पत्नीवर किंवा मुलांवर ओरडणे, हे दुसरे बाण होत. त्यांनी झोप जाते, भूक जाते आणि अपमान करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

शरीराचे शिक्षण येथे उपयोगी पडते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे सावधपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची शक्ती येते, उद्योगाची शक्ती येते, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि त्यातून लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. भगवंतांनी शरीराला तुच्छ लेखले नाही, हे यावरून स्पष्ट होते. चांगल्या कराटे वर्गातही मुलाला प्रथम उभे राहणे, श्वास सांभाळणे, नमन करणे आणि हात वेळीच थांबविणे शिकवितात. ज्याला आपला हात अंगापासून चार बोटांवर थांबविता येतो, त्याला आपली जीभही थांबविता येण्याची शक्यता अधिक. ही शक्यता आपोआप फळाला येत नाही, तिची जोपासना करावी लागते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे. मुलामुलींना स्वसंरक्षणाची विद्या अवश्य शिकवावी. परंतु आपला शिक्षक जिंकण्याची हाव शिकवितो की थांबण्याची शिस्त, हे जातीने जाऊन पाहावे. विहारांतील धम्मवर्गांत पंचशीलाच्या पाठांतराबरोबर मुलांना उभे राहून बोलण्याचा सराव द्यावा. अपमानाचे प्रसंग समोर ठेवावेत, आणि पाच अंगांची वाचा वापरून त्यांना उत्तर कसे देता येईल ते त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. चूक झाली तर पुन्हा करावयास लावावे, जसे कराटेचा शिक्षक तोच हात पुन्हा करावयास लावतो. चौथे शिक्षापद मुसावादापासून विरत होण्याचे आहे, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. ते वापरावयाचे कसे, हे बहुधा कुणी शिकविलेले नसते. नालासोपाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या मुलांना पुण्ण थेर आपल्याच भागाचे होते, हेही सांगावे. त्या उग्र लोकांत जाण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक प्रसंगाचे उत्तर मनाशी तयार ठेवले होते. आपल्या मुलांनाही घराबाहेर पडण्यापूर्वी तेवढी तयारी मिळाली पाहिजे.